कॉम्प्युटरातलं जीपचं घड्याळ

आमच्या घरात कोण रागावलंय ते भाकरीवरून कळायचं. आई रागावली की भाकरी जाड व्हायची. माझा थोरला भाऊ मन्मथदादा रागावला की ताट सरकवून उठायचा. आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, रागावले की मुकाट्यानं अर्धी भाकरी कमी खायचे. तोंडानं एक शब्द नाही. दोन भाकरींचा माणूस दीड भाकरीवर हात धुवायला उठला की आई माझ्याकडं बघायची, मी दादाकडं बघायची आणि दादा छताकडं. मी ज्या दिवसांबद्दल लिहायला बसलेय त्या दिवसांत अण्णांची ती अर्धी भाकरी रोज टोपल्यात उरत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुस्करून, फोडणी देऊन मला खावी लागत होती. म्हणजे राग बापलेकाचा आणि भोग माझ्या पोटाला.

बीडच्या बाजारात कापडवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी अण्णांचं घड्याळांचं दुकान होतं. दुकान कसलं, तीन भिंती आणि एक शटर. पण त्या तिन्ही भिंतींवर घड्याळं. लंबकाची, टोल्यांची, गोल, चौकोनी, एकाला तर देवळासारखा कळस. अण्णांची सकाळ ठरलेली. आंघोळ झाली की तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, कपाळाला विभूती, मग आईच्या हातचा सुशीला. सुशीला म्हणजे कुणी बाई नव्हे, भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी दिलेला आमच्याकडचा नाष्टा. तो खाऊन दुकानात गेले की पहिलं काम चावी. खिशातून चाव्यांचा जुडगा काढायचा आणि डावीकडून सुरुवात करून एकेका घड्याळाला चावी देत उजवीकडं जायचं. त्या वेळात गिऱ्हाईक आलं तरी थांबायचं. लोकांना वाटतं, घड्याळवाल्याची सगळी घड्याळं एकदम टोले देत असतील. छे. अण्णा मुद्दाम प्रत्येकाला जरा मागंपुढं ठेवायचे. "सगळी एकदम वरडली तर कोण गप बसलंय ते कसं कळावं?" म्हणायचे. त्यामुळं दुपारी बारा वाजले की एक संपलं की दुसरं, दुसरं संपतंय तोवर तिसरं, असा तो गजर लांबत जायचा आणि अण्णा डोळ्याचं भिंग काढून, मान तिरकी करून ऐकत बसायचे. मला लहानपणी वाटायचं की बारा वाजतात ते आमच्याच दुकानात, आणि तिथून बाकीच्या गावाला वाटले जातात.

मग दिवस बदलले. पेपरात कसले कसले मोठे शब्द यायला लागले, पण आमच्या गल्लीला ते कळले ते हातगाडीवरून. एसटी स्टँडसमोर हातगाड्यांवर प्लॅस्टिकच्या घड्याळांचे ढीग लागले. लाल, निळी, हिरवी. बंद पडलं की फेकून द्यायचं आणि दुसरं घ्यायचं. दुरुस्तीला येणारी माणसं आटली. उमापूरचे एक म्हातारे मामा तेवढे महिन्या-दोन महिन्यांनी आपलं जुनं मनगटी घड्याळ घेऊन यायचे. त्या घड्याळाला काही झालेलं नसायचं, मामांना अण्णांशी बोलायचं असायचं.

त्याच सुमाराला मन्मथदादा औरंगाबादहून कॉम्प्युटर शिकून आला आणि म्हणाला, दुकानात कॉम्प्युटर बसवू, लग्नपत्रिका, अर्ज, सगळं छापायला देता येईल. अण्णांनी एवढंच विचारलं, "जागा किती लागंल त्येला?" दादा म्हणाला, "अर्धी." अण्णा म्हणाले, "मग घे की. माझं आता अर्ध्यात बी भागतंय." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, म्हणून सांगते की कॉम्प्युटर आणण्यावरून आमच्याकडं भांडण झालं नाही. जे झालं ते भिंतीवरून झालं.

अण्णा एका सोयऱ्याच्या लग्नाला गावाकडं गेलते. तेवढ्यात दादानं दुकानात काचेचं पार्टिशन घालून घेतलं. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असा तेव्हा धाकच होता. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं. आईनं कॉम्प्युटरला झालर लावलेला फुलाफुलांचा अभ्रा शिवला होता आणि जंगमस्वामींना बोलावून पूजाही झाली होती. सुतार म्हणाला, भिंतीला ठोकाठोकी करायचीय, ही घड्याळं उतरवा. दादानं सगळी घड्याळं उतरवून खोक्यात भरली, खोकं माळ्यावर ठेवलं. काम झालं की परत लावू, असं त्याच्या मनात होतं. पण पार्टिशन झालं, मग वायरमन आला, मग पहिली पत्रिका आली, आणि घड्याळं माळ्यावरच राहिली. अण्णा लग्नाहून आले ते पिशवी घेऊन थेट दुकानात. भिंतीवर नुसते खिळे आणि जिथं जिथं घड्याळ होतं तिथं तिथं चुन्याचा पांढरा डाग. अण्णांनी सगळीकडं एकदा बघितलं. खिशातला चाव्यांचा जुडगा काढला, काउंटरवर ठेवला आणि घरी आले. त्या दिवशी भाकरी अर्धी उरली, आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णा दुकानात जायचे बंद झाले.

दादा त्यांना "चुकलं" म्हणाला असता तर तिथंच मिटलं असतं. पण तो पडला अण्णांचाच मुलगा. आतून कालवून गेला होता, मला दिसत होतं, पण तोंड उघडेल तर शपथ. जुडगा त्यानं काउंटरच्या खणात नीट ठेवून दिला. अण्णांनी बोलावं म्हणून तो थांबला, त्यानं बोलावं म्हणून अण्णा थांबले, आणि मधल्यामध्ये आमचं घर खोललं गेलं. हो, अक्षरशः खोललं गेलं. हाताला काम नाही म्हटल्यावर अण्णांनी आधी गजराचं घड्याळ खोललं, मग चांगला चालणारा रेडिओ, मग आईचं मिक्सर. आईच्या ताटल्या-वाट्यांत सगळीकडं स्क्रू. आमटी वाढायला वाटी घ्यावी तर तिच्यात स्प्रिंग. शेवटी आई मला चुलीपाशी बोलावून म्हणाली, "गिरजे, काही बी कर पण ह्येंना दुकानात न्ये बाई. न्हाई तर एक दिवस माझंच पोट उघडून बघतील, आत काय वाजतंय म्हणून."

मी तेव्हा दुकानात बसायला लागले होते. मराठी टायपिंग दादापेक्षा मला लवकर जमलं होतं आणि माझी स्थळं बघणं चालू असल्यानं मला घराबाहेर दुसरं कुठं जाऊ देत नव्हते. गल्लीतले लोक जाता-येता आत डोकवायचे. पाटी अजून घड्याळाच्या दुकानाचीच होती. "किती वाजले रे मन्मथ?" अशी हाक यायची आणि दादा मनगट बघून सांगायचा. शेजारचे कापडवाले काका एकदा हसत म्हणाले, "घड्याळाच्या दुकानात टाइम न्हाई, आता आमी काय तहसीलात जाऊन इचारावं का बे?" सगळे हसले. दादाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. मी कॉम्प्युटरच्या डब्याकडं बघत होते. त्याच्या पुढच्या तोंडाला प्लॅस्टिकची दोन रिकामी झाकणं होती, पुढंमागं काही बसवायचं झालं तर असावीत म्हणून. मी म्हटलं, "दादा, ह्या झाकणात घड्याळ बसवलं तर?" दादानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच त्याच्या मनातून ते चोरलं. संध्याकाळी बायपासवरच्या जीपच्या सामानाच्या दुकानातून तो लाल आकड्यांचं एक घड्याळ घेऊन आला. जीपमध्ये पुढं लावतात तसलं, बारकं, दोन बटणांचं. म्हणाला, जीपच्या बॅटरीत जेवढा करंट तेवढाच कॉम्प्युटरच्या पिवळ्या वायरीत असतो, जोडायला काहीच नाही.

जोडायला काही नव्हतं, पण बसवायला होतं. दादाचं डोकं चाले तसे हात चालत नसत. त्यानं सुरी तापवून पहिलं झाकण कापायला घेतलं आणि दुकानभर जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. भोक असं झालं की त्यातून घड्याळ नाही, पेरू बसला असता. मी ते बिघडलेलं झाकण, चांगलं राहिलेलं दुसरं झाकण आणि ते घड्याळ, तिन्ही पदरात बांधून घरी नेलं आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. काय करायचंय ते सांगितलं.

अण्णांनी आधी घड्याळ हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "काटे न्हाईत, चावी न्हाई. हे घड्याळ न्हाई गिरजा, दिवा हाय दिवा." मग जळकं झाकण उचललं. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "हे कुणी केलं? उंदरानं कुरतडलं का?"

"दादानं."

"तरीच." आणि झाकण बाजूला ठेवून ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, गेलं आपलं सगळं मुसळ केरात. आईनं मला डोळ्यानंच खुणावलं, थांब. दुपारचं चहाचं भांडं चुलीवर चढलं तोच मागच्या अंगणातून कानशीचा आवाज यायला लागला. खरखर, खरखर, मग थांबून फुंकर. मी आणि आई स्वयंपाकघरात श्वास धरून ऐकत होतो. तो आवाज मला आजही कुठं सुताराकडं ऐकू आला की चहाचा वास येतो.

दुसऱ्या दिवशी झाकण तयार झालं. चौकोन असा की घड्याळ त्यात सरकवलं की जागच्या जागी बसावं, ना हलावं ना अडावं. पण झाकणाच्या मागं डब्याचा पत्रा होता, तोही कापायला हवा होता. मी म्हटलं, मी माप घेऊन येते. अण्णा माझ्यावर खेकसले, "माप काय दुसऱ्याच्या डोळ्यानं घेत्यात का?" आणि उठून त्यांनी टोपी घातली. आई देव्हाऱ्याकडं तोंड करून उगाच दिवा नीट करायला लागली.

काचेच्या दारापाशी अण्णा थांबले. आतून दादा बघत होता. चपलांचा तो नियम त्यानंच केलेला, आणि आता समोर वडील. तो घाईनं उठून म्हणाला, "राहू द्या अण्णा, चपला राहू द्या." अण्णांनी खाली वाकून चपला काढल्या, भिंतीला टेकवून सरळ ठेवल्या आणि आत आले. मग कितीतरी वेळ दोघं त्या डब्याशेजारी जमिनीवर बसून होते. बोलणं एवढंच, "पेचकस." "हा घ्या." "धर." "धरलं." "वायर कोणती?" "पिवळी. आन् काळी." दादानं वायरीला कथलाचा डाग दिला, अण्णांनी घड्याळ बसवलं, झाकण लावलं. कॉम्प्युटर चालू केला तसे लाल आकडे लखलखले. अण्णांनी स्वतःच्या मनगटावर बघून वेळ लावली आणि खिशातल्या डबीतली विभूती काढून डब्याच्या कपाळावर तीन बोटं ओढली. कापडवाले काका बघायला आले. म्हणाले, "अण्णा, आता शोभतंय." गल्लीतली माणसं येऊन बघून गेली, जशी नवी सून बघतात.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. दादानं बटण दाबलं आणि घड्याळावर बारा. नुसते बारा, आणि तेही उघडझाप करणारे. मग दादानं कपाळाला हात लावला. जीपची बॅटरी रात्रभर चालू असते. आपण तर रात्री सगळं बंद करून घरी जातो. कॉम्प्युटर झोपला की घड्याळ झोपणारच. एवढं शिकलेला दादा आणि जन्म घड्याळात गेलेले अण्णा, दोघांच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. "मागं एक सेल लावावा लागंल, आजच लावतो," दादा पुटपुटला. तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज. अण्णा आत आले, त्यांनी घड्याळ बघितलं.

"रात्री झोपतंय व्हय हे?" अण्णा म्हणाले. खाली वाकले, दोन बटणं दाबून वेळ लावली. "म्हणजे ह्येला बी रोज चावी द्यावी लागती म्हणा की." आणि आपल्या अर्ध्या काउंटरमागं जाऊन बसले.

त्या दिवशी दादानं सेल लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अण्णा रोज यायला लागले, वेळ लावायला लागले. आणि बीडची लाइट म्हणजे काय सांगावं. दिवसातून कितीदा जाईल त्याला धरबंद नव्हता. लाइट गेली की माझी अर्धी टाइप केलेली पत्रिका गडप, आणि आली की घड्याळावर बारा. मी चरफडायची आणि अण्णा उत्साहानं उठायचे. एकदा वेळ लावून घरी जावं तर परत लाइट जाणार, म्हणून मग ते दिवसभर बसायलाच लागले. उमापूरचे मामा येऊन गप्पा मारून गेले. आईच्या वाट्या मोकळ्या झाल्या. आता माझ्या फोनला कुणी वेळ लावावी लागत नाही, तो स्वतःच आकाशातून कुठून तरी विचारून घेतो. सोय आहे खरी. पण त्याच्यासाठी कुणी सकाळी टोपी घालून घरातून निघत नाही.

तरी अर्धी भाकरी उरतच होती. आईला ते काही केल्या कळेना. "दुकानात तर जातेत. मग ही अर्धी कावून राहती गं?" मला कळत होतं. दुकानात बसलेले अण्णा कामातून डोकं वर काढायचे तेव्हा त्यांची नजर भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डागांवर जायची आणि परत खाली यायची. दादाही ते बघायचा. बापलेक पेचकसाबद्दल बोलत, लाइटीबद्दल बोलत. भिंतीचं नाव कुणी काढत नव्हतं.

थंडीच्या दिवसांत एकदा अण्णांना ताप भरला. आईनं गोधडीत गुंडाळून घरी बसवलं. मी आणि दादा दुकानात गेलो, दादानं बटण दाबलं, घड्याळावर बारा आले. मी वेळ लावायला हात पुढं केला तर दादा म्हणाला, "राहू दे." एक मास्तर अर्ज टाइप करून घ्यायला आले होते, ते म्हणाले, "अरे, हे बंद पडलंय का?" आणि बोट पुढं केलं. दादा त्यांच्यावर जवळजवळ ओरडला, "हात लावू नका. अण्णा येतील, लावतील." मास्तर बिचारे वरमले. दुपारी गल्ली जरा शांत झाल्यावर दादा माळ्यावर चढला आणि खोकं खाली घेऊन आला. धोतराच्या जुन्या फडक्यानं एकेक घड्याळ पुसलं. कळसाचं घड्याळ कुठं होतं हे त्याला आठवेना, पण भिंतीवरच्या पांढऱ्या डागांना माप लावून लावून त्यानं सगळी जिथल्या तिथं टांगली. मी खालून देत होते. शेवटी खणातून चाव्यांचा जुडगा काढून त्यानं काउंटरवर ठेवला, अण्णांनी त्या दिवशी ठेवला होता तिथंच. एकाही घड्याळाला चावी दिली नाही. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी आणि सगळी गप्प.

दिवेलागणीला अण्णा आलेच. डोक्याला मफलर, अंगावर शाल, मागून आई ओरडत राहिली असणार हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं. चपला काढून आत आले. भिंत दिसली. थांबले. मग कॉम्प्युटरकडं वळले.

"हे सकाळपासून असंच हाय का?"

"हो," दादा म्हणाला. तो स्क्रीनवरून नजर काढत नव्हता.

"दोन बटणं दाबायची. येत न्हाई का तुला?"

"न्हाई येत."

ज्यानं तो डबा उघडून वायर जोडली, तो सांगत होता. मी मान खाली घालून कळफलकाकडं बघत राहिले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला हसूही येत होतं. अण्णांनी वाकून वेळ लावली. मग शालीतून हात काढून भिंतीकडं बोट केलं.

"आन् ही?"

"ती बी न्हाई येत," दादानं स्क्रीनवरून नजर काढली. "चुकलं अण्णा माझं."

अण्णांनी त्याच्या डोक्यावर एक हलकी टप्पल मारली आणि काउंटरवरचा जुडगा उचलला. "स्टूल धर," म्हणाले. अंगात ताप होता, तरी डावीकडून उजवीकडं सगळ्यांना चावी दिली, काटे फिरवून वेळ लावली. दादा स्टूल सरकवत गेला. सात वाजले तेव्हा एका घड्याळानं टोले दिले, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. कापडवाले काका हातातलं ठाण तसंच धरून दाराशी येऊन उभे राहिले.

दादाला शटर लावायचं होतं, म्हणून मी आणि अण्णा पुढं निघालो. वाटेत ते म्हणाले, "मागं एक बारका सेल लावला ना, की ते घड्याळ रात्रीचं झोपत न्हाई."

मी चाट पडले. "तुमाला ठाऊक हाय?"

"पहिल्या दिवशीच ठाऊक झालं. त्येला बी हाय." जरा पुढं गेल्यावर म्हणाले, "मला ठाऊक हाय हे सांगू नको त्येला. गधडा लावून बसंल उगा."

घरी आईनं तापाच्या माणसासाठी मऊ भात शिजवून ठेवला होता. अण्णांनी ताट बाजूला सारलं आणि भाकरी मागितली. दोन भाकऱ्या वाढ म्हणाले. दीड खाऊन झाल्यावर आईनं सवयीनं उरलेली अर्धी उचलून टोपल्यात टाकली, तशी अण्णांनी मान वर केली.

"ती कुठं नेली?" ते म्हणाले. "आण इकडं. भूक हाय मला."